सोपानची टाळी

सोपान कुणाच्याही घरात शिरला की टाळी वाजवायचा. एकच. चपला काढायच्या, उंबरा ओलांडायचा, खोलीच्या मधोमध उभं राहून फाडकन एक टाळी मारायची आणि मान डावीकडं कलती करून गप राहायचं. नवीन माणूस बावचळून जायचा. एकदा त्याच्या पुतण्यासाठी पोरगी बघायला आम्ही आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडं गेलो होतो. सोयऱ्याच्या माजघरात पाऊल ठेवलं आणि यानं टाळी मारली. पोरीचा बाप घाबरून म्हणाला, "पाव्हणं, एवढ्यात पसंत?"

सोपान म्हणाला, "घर पसंत हाय. पोरीचं पोरीला इचारा."

ते लग्न जमलं. पण येताना मी त्याला म्हणालो, "सोपान्या, जरा माणसात ऱ्हात जा." तर तो म्हणाला, "शिवा, टाळी खोटं बोलत न्हाय. माणूस या-बसा म्हणतोय, त्यात खरं किती आन् खोटं किती, कळत न्हाय. खोली काय म्हणती ते टाळीत कळतं. लोक म्हणत्यात भिंतीला कान असत्यात. कान न्हाय, भिंतीला तोंड असतं."

मी गवंडी. चौथीपर्यंत शाळा, मग बापाच्या मागं चिखल तुडवायला. आमच्या तेरमध्ये आणि आजूबाजूच्या गावांत माळवदाची, मातीच्या सपाट छताची घरं होती तोवर मला रिकामा दिवस माहीत नव्हता. भिंतीचा गिलावा वाळला की मी थापीच्या मुठीनं भिंत ठोकून बघायचो. भरीव आवाज आला तर काम झालं. पोकळ आला तर गिलाव्यानं भिंत सोडलेली असते. वरून कितीही गुळगुळीत दिसो, तेवढा भाग काढावाच लागतो. तो टाळीनं ऐकायचा, मी थापीनं. त्यामुळंच आमचं जमलं असावं. चाळीस वर्षं जमलं.

हॉटेलात बसलं की लोक मला विचारतात, एका गाण्यापायी एवढी जुनी दोस्ती तोडली व्हय अण्णा? दर वेळी सांगत बसायला मला जमत नाही. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. त्याचं चांगलं होतं ते आधी लिहितो, नाहीतर वाचणारा म्हणेल म्हातारा राग काढतोय.

सोपानचा धंदा लाऊडस्पीकरचा. गावात त्याला सोपान भोंगेवाला म्हणायचे. लग्न असो, सप्ताह असो, उरूस असो, हा लिंबाच्या शेंड्यावर चढून भोंगा बांधायचा. उरसात कव्वाली झाली की तो खाली बसून रडायचा, सप्ताहात कीर्तन झालं तरी रडायचा. आवाज चांगला असला की त्याला दुसरं काही दिसायचं नाही. माईकपुढं उभं राहून कुणी नुसता खाकरला तरी हा सांगायचा, ह्याचा गळा चांगला हाय, ह्याचा न्हाय. मग डीजे आले. मोठाल्या पेट्या, लाईट, धूर. याचे भोंगे अंगणात पडून राहिले. एका भोंग्यात कोंबडी अंड्यावर बसली. सोपान तिला उठवायचा नाही. "बसू दे," म्हणायचा, "कुणाच्या तरी कामाला आला."

साठी उलटल्यावर त्यानं फोनवर बघून बघून नवीन विद्या शिकली. आवाज कसा भरायचा, कसा कापायचा, एकावर एक कसा बसवायचा. पंचायतीत कारकुनी करणाऱ्या शंकर पाटलाला न कळणारं कॉम्प्युटर याला कळायला लागलं. पण त्याचं घर रस्त्याला, शेजारी पिठाची गिरणी. दिवसभर गरगर. एक दिवस तो माझ्याकडं आला आणि माजघराच्या आतल्या बाजूला असलेल्या आमच्या ज्वारीच्या खोलीत शिरून टाळी मारली. दोन हात जाडीची माझ्या बापानं घातलेली भिंत, वर माळवद, खाली पोती. टाळी गेली ती परत आलीच नाही.

"शिवा," तो म्हणाला, "पुण्यात लोक ह्याच्यासाठी लई खटाटोप करत्यात. तुझ्याकडं आयताच स्टुडिओ हाय, आन् तू त्यात ज्वारी ठिवतोस."

मी खोली दिली. खरं सांगायचं तर मलाच हौस आली होती. म्हातारपणी हाताला काम मिळालं. खोलीची खिडकी मी मातीच्या विटांनी बुजवली. दाराची फट राळ्याच्या दाण्याएवढी राहिली तर सोपान मेणबत्ती धरून दाखवायचा, "बघ, ज्योत हालती. जिथनं वारा येतो तिथनं आवाज येतो." मी परत लिंपायचो. माईक आला, वायरीची छोटी पेटी आली, कानाला लावायचे डबे आले. ते डबे लावून मी पहिल्यांदा माझाच श्वास ऐकला आणि घाबरलो. एवढा मोठ्यानं माणूस श्वास घेतो हे मला माहीत नव्हतं.

भिंतींना लावायला काहीतरी मऊ पाहिजे होतं. त्यानं अंड्यांचे कागदी ट्रे आणले. माझी बायको सुभद्रा कमरेवर हात देऊन दारात उभी राहिली. माळकरी बाई. "भावजी, माझ्या घरात अंडं आलं न्हाय कवा. आता त्याचं घरटं आणता व्हय?" सोपान ट्रे उचलून निमूट परत गेला. दुसऱ्या दिवशी सुभद्रानंच तिच्या वाकळा काढून दिल्या. सात वाकळा. तिची लुगडी, माझी धोतरं, आमच्या मंगलचे लहानपणीचे परकर, सगळं एकावर एक घालून तिनं हातानं शिवलेलं. भिंतींवर सहा लागल्या, सातवी दाराला पडदा म्हणून. सोपाननं टाळी मारली आणि वाकळीवरनं हात फिरवला. मग म्हणाला, "वहिनी, आवाज म्हंजी पाव्हणा असतो. त्याला टेकायला मऊ जागा मिळाली की तो बडबड करत न्हाय. तुमी त्याला गादी घातली."

सुभद्रा लाजली, पण बाई पक्की. म्हणाली, "वाकळा देते, पर एक शब्द द्या. तुमचं ते यंत्र कान उघडं ठिवून बसतं. माझ्या घरातलं बोलणं, भांडण, रडणं त्यात जाता कामा नये." देवळीत तुळजाभवानीची परडी असायची, तिच्या आईकडून आलेली. त्या परडीवर हात ठेवून सोपान म्हणाला, "आईची आण. ह्या घरातला एक शब्द आत जाणार न्हाय." तेव्हापासून तो आला की उंबऱ्यात टाळी मारायचा आणि सुभद्रा चुलीवर चहाचं आधण ठेवायची. टाळी ऐकली की तिला कळायचं दोन कप की तीन. एकटा आला तर टाळी मोकळी यायची, माणसं बरोबर असली तर दबकी. तीही ऐकायला शिकली होती.

पहिलं गाणं भरलं ते महादू बुवाचं भजन. बुवा डोळे मिटून रंगले होते. आम्ही श्वास धरून बसलेलो. शेवटच्या कडव्याला आढ्यावरची पाल चुकचुकली. बुवांनी गाणं तिथंच थांबवलं, जमिनीवर तीनदा बोटं आपटली, "कृष्ण कृष्ण" म्हणाले आणि पुढं गायला लागले. सोपाननं कपाळाला हात लावला. "बुवा, परत म्हणावं लागंल."

"का? पालीनं साक्ष दिली की."

"तुमच्या टकटकीनं वाट लावली."

दुसऱ्यांदा पाल त्याच जागी चुकचुकली आणि बुवांनी परत बोटं आपटली. तिसऱ्यांदा सोपाननं बुवांचे हात वाकळीत गुंडाळून ठेवले. सुभद्रा माजघरात तोंडाला पदर लावून हसत होती. ते हसू मला अजून ऐकू येतं. ते कुठल्या यंत्रात नाही, आणि ते बरंच आहे.

पुढं सुभद्राला पोटाचं दुखणं लागलं. सोपाननं स्वतःच्या टेम्पोत तिला धाराशिवला नेलं-आणलं, किती वेळा ते मोजलं नाही. खड्डा आला की गाडी पायी चालल्यासारखी चालवायचा. शेवटचे दोन महिने ती माजघरात खाटेवर होती. तो ढोलकी भरायची असली तर आधी दाराची वाकळ नीट ओढायचा, तिच्या कडा बोटांनी दाबायचा, मग बाहेर येऊन विचारायचा, "वहिनी, आवाज येतो का?" ती मान हलवायची, नाही. तिला झोप लागली असली तर काम बंद. मी त्याला म्हणालो होतो, माझा भाऊ असता तर त्यानं एवढं केलं नसतं. हे मी म्हणालो होतो. ते शब्द माघारी घेता येत नाहीत.

सुभद्रा गेली ती सकाळी. दहाच्या सुमारास सोपान आला. चपला काढल्या, उंबरा ओलांडला, आणि त्यानं टाळी वाजवली नाही. हात नुसते खाली सोडलेले. मी भिंतीला टेकून बसलो होतो. तेवढ्या दुःखातही ते माझ्या ध्यानात आलं. मला वाटलं, त्याला कळलं, आता आधण ठेवायला कुणी नाही. मला त्याची माया वाटली. तो माझ्याजवळ बसला नाही, आत ज्वारीच्या खोलीत गेला, थोड्या वेळानं बाहेर आला. मला वाटलं, रडायला गेला असेल.

दुपारी मुरुमच्या सासरहून आमची मंगल आली. एकुलती लेक. अंगणापासूनच तिनं हंबरडा फोडला. आमच्याकडं बाया रडतात ते नुसतं रडणं नसतं. हेल काढून, मेलेल्याला एक एक गोष्ट सांगत रडतात. जिवंतपणी बोलता आलं नाही ते सगळं त्यात येतं. सासूचं येतं, नवऱ्याचं येतं, भावकीचं येतं. आणि ऐकणाऱ्यांचा एक नेम असतो. रडण्यातलं बोलणं धरायचं नाही. मयताबरोबर ते जातं. दुसऱ्या दिवशी कुणी त्याचा उच्चार करत नाही, वैरी असला तरी.

मंगल आईच्या अंगावर पडून म्हणत होती, "आई गं, माझ्या एश्टीची वाट बघत दारात बसायचीस गं... आता पाठीवरलं वळ कुणाला दावू गं माझे आई... तूच तेल लावायचीस, तूच म्हणायचीस, अण्णाला सांगू नको गं..."

मी ते ऐकलं. ऐकून नेम पाळला. पोरीचा घसा बसत चालला होता, तर मी कुणाला तरी म्हणालो, "पाणी पाजा रे पोरीला." एवढंच. तेरावं झालं, मंगल सासरी गेली. मी तिला एक शब्द विचारला नाही. रडण्यातलं होतं ना ते. बायकोनं माझ्यापासून लपवलं याचा रागही आला, पण मेलेल्या माणसावर राग काढायचा कुठं?

पाचेक महिने गेले. मी बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत होतो. हॉटेलवाला फोन पुढं करून म्हणाला, "अण्णा, सोपानरावाचं गाणं ऐकलं का? लई चाललंय. माझी मंडळी तर रडली."

ढोलकी होती, खाली कसला तरी धमधम ठोका होता. सोपाननं स्वतः दोन ओळी म्हटल्या होत्या, आईविना लेकीच्या. आणि मग एक बाई रडली. वळ कुणाला दावू गं माझे आई. परत तेच. परत तेच. चार वेळा, ठोक्यावर बसवून. मला वाटलं, माझ्या पोरीसारखंच कुणीतरी रडतंय. जगात रडणाऱ्या लेकी काय कमी आहेत? मग तिच्या आवाजामागनं एक म्हातारा म्हणाला, "पाणी पाजा रे पोरीला."

मी तसाच घरी आलो. सोपान खोलीत होता, कानाला डबे लावून. मी ते डबे ओढून काढले.

"ते गाणं तुझं?"

"ऐकलंस? आवडलं?" तो म्हणाला. खरंच असं म्हणाला.

"सोपान्या, ती मंगल हाय."

"म्हणून तर. शिवा, कसली बी गाणारी आण, तसं रडणं यायचं न्हाय. मी नाव कुठं घातलंय? लोक रडाय लागलेत ऐकून. वहिनीचं सोनं झालं."

"यंत्र चालू ठिवलंस तू."

"चालूच ऱ्हायलं हुतं रे. आदल्या दिसाचं. म्या मागनं बघितलं."

मी मान्य करणारच होतो. पण मी गवंडी आहे, मला घरातल्या वस्तूंच्या जागा लक्षात राहतात. त्या दिवशी दाराची वाकळ खाली नव्हती. वर गुंडाळून सुतळीनं बांधलेली होती. दोन गाठी मारलेल्या. मयत माजघरात, आणि ज्या वाकळीच्या कडा तो दोन महिने बोटांनी दाबायचा ती वर बांधलेली. मग दुसरं आठवलं.

"त्या दिशी टाळी का न्हाय वाजवलीस?"

तो खाली बघत वायरीला पीळ घालत बसला. मग म्हणाला, "टाळी बी भरली असती त्यात."

म्हणजे चपला काढतानाच त्याच्या डोक्यात होतं. आदल्या रात्री डॉक्टरनं आशा सोडली होती, तेव्हाच त्यानं यंत्र लावून ठेवलं असणार. मी ज्याला माया समजलो तो त्याचा कामाचा नेम होता.

"परडीवर हात ठिवला हुतास."

"वहिनीला शब्द दिला हुता," सोपान म्हणाला. "वहिनी जिती हुती तवर पाळला."

माझ्या हातात थापी नव्हती हे बरं झालं.

गाणं त्यानं काढून टाकलं, ते खरं. पण तोवर ते लोकांच्या फोनात जाऊन बसलेलं. सुटलेला आवाज आणि सांडलेलं पाणी, भरून कोण आणणार? चार दिवसांनी मंगलचा फोन आला. रडत नव्हती. कोरड्या आवाजात म्हणाली, "अण्णा, तुमी बी व्हता का त्यात? तुमचा आवाज हाय त्यात." आणि फोन ठेवला.

मी पहिल्या एश्टीनं गेलो. व्याही बोलले नाहीत. विहीणबाई अंगणातच म्हणाल्या, "तुमच्या लेकीनं आमची अब्रू ढोलकीवर नाचवली." जावई घरात नव्हता, की असून बाहेर आला नाही, मी बघितलं नाही. मंगल चुलीपुढं होती. मी म्हणालो, "पाठ दाव." ती म्हणाली, "आता सगळ्यांनी ऐकलंय, तुमी बघून काय करणार?" पण वळली. जे दिसलं ते मी इथं लिहीत नाही. ते एकदा वाजलं तेवढं पुरे. मी म्हणालो, "पिशवी भर." येताना सगळा वेळ ती खिडकीकडं तोंड करून बसली होती. उमरग्याला चहा घेतला तोही तिनं निवू दिला.

मंगल घरी आली हे कळल्यावर सोपान अंगणात आला. चेहरा उजळलेला. "बघ शिवा," म्हणाला, "पोरगी सुटली की न्हाय? गाणं नसतं तर तू गेला असतास?"

हे मला अजून रुततं, कारण ते खरं आहे. मी गेलो नसतो. मी नेम पाळत बसलो असतो आणि माझी लेक तिकडं मार खात राहिली असती. मी बाप म्हणून कमी पडलो, ते माझं मी बघीन. पण मी त्याला म्हणालो, "सुटली. पर तू त्यासाठी केलं न्हवतंस. सुटका करायची असती तर मला बाजूला घेऊन सांगितलं असतंस, शिवा, पोरीच्या पाठीवर वळ हायत. तू ते ऐकलंस आन् तुला चाल सुचली."

तो अंगणातूनच माघारी फिरला. दुसऱ्या दिवशी येऊन सामान घेऊन गेला. माईक, पेटी, कॉम्प्युटर. वाकळांना त्यानं हात लावला नाही. मी खिळे उपटून एकेक वाकळ उतरवली. भिंतीवर वाकळांच्या जागी ओलसर चौकोन राहिले होते. खिडकीच्या विटा मी पहारीनं काढल्या. बुजवायला दोन दिवस लागले होते, काढायला अर्धा तास. वाकळा मंगलनं ओढ्यावर नेऊन धुतल्या. एक ती पांघरते, बाकीच्या पेटीत आहेत.

मागच्या महिन्यात सुभद्राचं वर्षश्राद्ध झालं. भावकीतल्या बाया आल्या. दारात आल्या की हेल काढायचा, लेकीनं गळ्यात पडून रडायचं, अशी रीत. बाया रडल्या. मंगल उठली, ज्वारीच्या खोलीत गेली. मी दारातून बघत होतो. तिनं देवळीत हात घालून बघितलं. पोत्यांच्या मागं बघितलं. आढ्याकडं बघितलं. माईक नव्हता, वायर नव्हती, काही नव्हतं. मग ती बाहेर येऊन बायांमध्ये बसली, तोंड उघडलं आणि मिटलं. तिच्या मामीनं पाठीवरनं हात फिरवला, "रड गं बाई, आईला सांग." मंगल म्हणाली, "मला काय सांगायचं न्हाय." कोरडीच बसली. जेवणाची पानं वाढली तशी उठून वाढायला लागली.

पंगत उठल्यावर सोपान आला. हातात नारळ. कपडे धुतलेले, दाढी केलेली. वर्षात म्हातारा झालाय. उंबऱ्याबाहेरच थांबला. मी माजघरात, त्याच्या समोर. आत ये म्हणालो नाही, जा म्हणालो नाही. त्यानं नारळ खाली ठेवला, दोन्ही हात वर करून मला दाखवले, रिकामे, आणि फाडकन एक टाळी वाजवली.

मला कळलं त्याला काय म्हणायचं होतं. यंत्र नाही, आज काही भरत नाही, मी पहिल्यासारखा आलोय. माझे पाय खरंच दाराकडं निघाले होते. चाळीस वर्षं कमी नसतात.

पण घरात आता वाकळा नव्हत्या, खिडकी उघडी होती, खाट नव्हती. टाळी माजघरातून आत गेली, भिंतींना लागली आणि मोठी होऊन परत आली. आणि सोपानची मान डावीकडं कलली. डोळे अर्धे मिटले. मागं मंगल रिकामी भांडी घेऊन उभी होती, तीही त्याला दिसली नाही. तो आमचं रिकामं घर ऐकत होता.

मी नारळ उचलून त्याच्या हातात दिला आणि दार लावलं.